खारट हाताच्या मालनताई

मालनताईंना "झालं का?" असं विचारलेलं अजिबात खपायचं नाही. विचारणारा आमचा शेठ असो, गिऱ्हाईक असो, नाहीतर माल न्यायला आलेला टेम्पोवाला असो, त्या हातातला पाना खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि पहिल्या भातालाच ताक मागणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायच्या. मग म्हणायच्या, "पावणं आत्ताच आलंय. बसू द्या की जरा त्याला."

हे पावणं म्हणजे लोखंड. नुकतंच घासून आलेलं, उन्हातून आणलेलं, हाताळून कोमट झालेलं कुठलंही लोखंड. कोमट लोखंड फुगतं आणि फुगलेल्या लोखंडावर केलेलं काम निवल्यावर वाकडं निघतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मालनताईंनी वाचलं नव्हतं, पण पाळत मात्र त्याच होत्या. मलाही त्या पावणंच म्हणायच्या, कारण मी आंबेगाव तालुक्यातला, निरगुडसरचा, आणि कारखाना जुन्नर तालुक्यात. सहा वर्षं मी रोज त्यांच्यासमोर बसून डबा खाल्ला, तरी माझं पाहुणेपण काही फिटलं नाही.

कारखाना ओतूरच्या अलीकडे, हायवेला लागून, कांद्याच्या वखारीच्या भिंतीला भिंत लावून उभा आहे. पत्र्याची शेड आणि तिच्या आत काचेची एक थंड खोली. शेड पारसशेठची. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, आजोबांनी हार्डवेअरचं दुकान थाटलं, वडिलांनी ही जागा घेतली. घरात चार पिढ्यांत कांदा शिजलेला नाही आणि जागा मिळाली ती नेमकी वखारीशेजारी. वारा सुटला की कांद्याची टरफलं उडत आमच्या दारात यायची. मालनताई ओलं फडकं घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला झटकून घ्यायच्या, शेठनासुद्धा.

आम्ही बनवतो ते सरकतं टेबल. खाली एक पोलादी पाटी, तिच्यावर दोन रूळ, रुळांवर सरकणारी छोटी गाडी आणि तिला ढकलणारा, मोटरीवर फिरणारा स्क्रू. अशा तीन गाड्या एकमेकींना काटकोनात बसवल्या की वर ठेवलेली वस्तू डावी-उजवीकडे, मागे-पुढे आणि वर-खाली हवी तिथे नेता येते. प्रयोगशाळावाले त्यावर भिंगं ठेवतात आणि कसले कसले नमुने तपासतात. केसाच्या जाडीचे साठ-सत्तर भाग केले तर त्यातला एक म्हणजे साधारण एक मायक्रॉन. तसे चार-पाच मायक्रॉन इकडेतिकडे झालेले ते चालवून घेतात, दहा झाले की माल परत.

ड्रॉइंगवर या तीन गाड्यांना एक्स, वाय आणि झेड अशी नावं आहेत. मालनताईंच्या तोंडी ती कधीच आली नाहीत. सगळ्यात खालचा तो थोरला, त्याच्यावरचा मधला, आणि वर-खाली करणारा तो धाकटा. मी एकदा धाकटा डगमगतोय म्हणून त्याच्याच मागे लागलो होतो. त्या म्हणाल्या, "थोरला वाकडा बसलाय, तर धाकट्याला बोलून काय उपेग? आमच्या घरात तीन जावा हायेत. हे मला नका शिकवू." थोरल्याचे बोल्ट सैल करून परत आवळले आणि धाकटा सरळ उभा राहिला. मालनताई स्वतः घरात थोरल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

त्या डिंगोऱ्याच्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांचं गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, आबा तांब्याची तार भरायचे आणि मालनताई तार जागेवर दाबून बसवायला बांबूच्या चिपा तासायच्या. बेरिंगही त्याच बसवायच्या. नवी बेरिंगं पारसशेठच्या दुकानातून जायची आणि दहातली दोन-तीन मालनताई परत आणायच्या. काउंटरवरच बोटाने फिरवून दाखवायच्या, "ह्यात खर हाय. ऐका." शेठना काहीच ऐकू यायचं नाही, पण बेरिंग उघडलं की आत वाळूसारखी बारीक खर निघायची. पुढे आबांना बारीक काम जमेनासं झालं आणि दुकान बंद पडलं, तेव्हा शेठ स्वतः डिंगोऱ्याला जाऊन त्यांना घेऊन आले.

मी लागलो तेव्हा डिप्लोमा ताजा होता. पहिल्याच आठवड्यात मी एक रूळ बसवला, पुस्तकात दिलेला जोर मोजून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे बोल्ट ओळीने आवळले.  मालनताईंनी एका बोटाने गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलली आणि मध्येच थांबवली.

"हितं ह्याचा गुडघा दुखतोय."

मी डायल लावला, म्हणजे मायक्रॉन मोजणारं काट्याचं घड्याळ. काटा बरोबर तिथेच पाच मायक्रॉन हलला. मी म्हणालो, डायल बिघडला असेल. "आसंल," त्या म्हणाल्या, "दुसरा आणा." दुसऱ्याचा काटाही तिथेच हलला. मालनताईंनी फार गंभीर चेहरा केला. "ह्यो पण बिघडला वाटतं. पारसशेठला सांगाया पायजे, डायल लई खराब येत्यात." मग त्यांनीच दाखवलं, बोल्ट मधून आवळायला सुरुवात करायची आणि एकदा इकडचा, एकदा तिकडचा असं बाहेर जायचं.

त्यांच्या हाताची एक सवय होती. रूळ ठेवण्याआधी त्या पोलादी पाटीवरून उघडा तळवा सावकाश फिरवायच्या, परातीत पीठ सारखं करावं तसा. डोळे मिटलेले असायचे. पाटीवर कण असेल, टवका असेल, तो हाताला लागायचा. त्यानंतरच रूळ.

आणि दुसरी सवय सहीची. हजेरीच्या वहीत आम्ही सगळे एक फराटा मारून मोकळे होतो. मालनताई नाव, यजमानांचं नाव, आडनाव, सगळं लिहायच्या आणि पट्टी घेऊन वर शिरोरेघ ओढायच्या. मागे पाच जण ताटकळलेले. मी एकदा चिडवलं, ताई, खरेदीखत आहे का? त्या पट्टी न उचलता म्हणाल्या, "माझी आई रस्त्याच्या कामावर जायची. मुकादम तिचा अंगठा धरून शाईत बुडवायचा अन् कागदावर दाबायचा. लई राग यायचा मला. सातवी शिकले मी. माझा हात कुणी धरायचा नाय." त्यानंतर मी रांगेत गुपचूप उभा राहायला लागलो.

आता त्या गंजाच्या प्रकरणाकडे यायलाच हवं, कारण त्यात माझा हात आहे.

समुद्रकाठच्या एका शहरातल्या प्रयोगशाळेने आमचं तीन गाड्यांचं टेबल घेतलं होतं. चार-पाच महिन्यांनी त्यांचा फोटो आला. चकचकीत रुळावर तांबूस रंगाचा ठसा उमटला होता. नुसता डाग नाही, अंगठ्याचा ठसा, वळणं मोजता येतील इतका स्वच्छ. काही माणसांच्या घामात खार जास्त असतो, त्यांनी हात लावलेलं पोलाद त्याच जागी गंजतं. आता असा माणूस आमच्यात कोण, हा प्रश्न.

तपासणी माझ्याकडे. मी पोलादाच्या आठ पट्ट्या पुसून घेतल्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव घातलं, शेठसकट सगळ्यांना त्यावर बोटं टेकवायला लावली आणि ओला स्पंज टाकून पट्ट्या डब्यात बंद केल्या. आपण काहीतरी फार शास्त्रीय करतोय अशी माझी समजूत होती. चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर डबा उघडला. सात पट्ट्या कोऱ्या होत्या. मालनताईंच्या पट्टीवर पाचही बोटं मेंदीसारखी रंगली होती.

सगळे आपापल्या बोटांकडे बघायला लागले. शेवटी त्याच हसल्या. "म्हंजी माझ्या हातातच मीठ हाय म्हणा की. तरीच माझी आमटी कधी अळणी व्हत नाय."

सगळे हसले, मीही हसलो. त्या हात धुवायला मोरीवर गेल्या आणि नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. अहवाल मी लिहिला. कारण, पुरावा, उपाय, सगळं माझ्या अक्षरात. आजही तो कागद फायलीत आहे आणि मला त्याची लाज वाटते. त्यात खोटं काही नव्हतं, पण तो लिहिताना मला जरा मजा येत होती.

पारसशेठ त्यांच्याशी फार मऊ बोलले. "ताई, थोडे दिवस पॅकिंगचं टेबल सांभाळा. इकडे सगळ्यांना हातमोजे लावतो." मालनताई भांडतील असं मला वाटलं होतं. त्या निमूट उठल्या आणि काचेच्या बाहेर पॅकिंगला जाऊन बसल्या. खोक्यांना त्या काटकोन तपासायचा गुण्या लावून चिकटपट्टी मारायला लागल्या. एक गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, तुमचं खोकं उघडायला जीव होत नाही.

सल्ल्यांचा तर पाऊस पडला. कुणी म्हणालं, तुरटी लावा. कुणी म्हणालं, लिंबाने हात धुवा. लिंबाने गंज आणखी लवकर चढतो, हे मालनताईंनीच एका खिळ्यावर करून पाहिलं आणि लिंबं सरबताला वापरली.

त्या प्रयोगशाळेने आम्हाला एक शेवटची संधी दिली होती. नवं टेबल पाठवा, ते मापात बसलं तर पुढची कामं तुमची, नाहीतर राम राम. ते टेबल आमचा फिटर सुरेश आणि मी हातमोजे घालून जोडायला बसलो. आठ दिवस जोडत होतो. धाकटा झुलायचा, थोरला नीट करावा तर मधला अडायचा. बाहेरून, चिकटपट्टी फाडता फाडता, मालनताईंचा आवाज यायचा, "मधला कुरकुरतोय हो पावणं." बंद काचेतून त्यांना ते कसं कळायचं देव जाणे. बहुतेक आमची तोंडं बघून कळत असावं.

शेवटी शेठच त्यांना आत घेऊन आले. "ताई, हातमोजे घालून होईल का?" त्या नुसत्या "बघू" म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना धांदरट काम करताना पाहिलं. पाटीवरून तळवा फिरवला, पण मोज्यातून काही लागेना. बोल्ट जास्त आवळला, परत सोडला. "गवसणी घातली की लोखंड मुकं व्हतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. संध्याकाळी मी डायल लावला. मधल्या गाडीत चौदा मायक्रॉन. मी पेन हातात धरून घुटमळत होतो.

"लिवा," त्या म्हणाल्या. "हाय तसं लिवा."

दुसऱ्या दिवशी मालनताई आल्या नाहीत. हजेरीच्या वहीत त्यांच्या नावासमोरची जागा रिकामी राहिली. कारखान्यात कुणी त्यांचा विषय काढला नाही, पण "झालं का?" असंही दिवसभरात कुणी विचारलं नाही. त्या आता येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो, आणि ते माझ्यामुळे, हेही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत बांबूच्या तासलेल्या चिपा. आबांच्या बंद दुकानातून शोधून आणल्या होत्या. शिरोरेघेसकट सही झाली, हातमोजे चढले. मग त्यांनी एक चीप घेतली, तिचं एक टोक सरकत्या गाडीवर टेकवलं, दुसरं स्वतःच्या कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून सुरेशला म्हणाल्या, "ढकल. हळू."

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"नवीन नाय. दुकानाशेजारी पिठाची गिरणी व्हती. तिच्या आवाजात बेरिंग ऐकू यायचं नाय. तवा आबा असंच ऐकायचं." मग हात वर करून, "गप्प ऱ्हावा."

गाडी दोनदा गेली, दोनदा आली. "धाकटा बरा हाय. थोरला बी बरा हाय. मधल्याच्या उजव्या रुळाखाली कायतरी खातंय. पार टोकाला."

आम्ही रूळ उचलला. पाटीवर, अगदी टोकाला, नखाएवढा एक लालसर पापुद्रा चिकटून बसला होता. कांद्याचं टरफल. आठ दिवस आम्ही दोघं त्याच्यावर बोल्ट आवळत होतो. उघडा तळवा फिरला असता तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

पारसशेठनी ते टरफल चिमटीत धरलं आणि उजेडात पाहिलं. "चार पिढ्या सांगतोय आम्ही," ते म्हणाले, "कांदा वाईट." मालनताई इतक्या हसल्या की त्यांना चीप खाली ठेवावी लागली.

टेबल मापात बसलं. प्रयोगशाळेने ते घेतलं, पुढची कामंही दिली, आणि मालनताई काचेच्या आत आपल्या जागेवर परत आल्या, कायमच्या. हातमोजे आणि चिपा ही त्यांची नवी हत्यारं झाली. चिपांना मी मखमलीचा डबा केला. एकदा एका गिऱ्हाइकाचे साहेब कारखाना बघायला आले, त्यांनी डबा उघडून विचारलं, याचं कॅलिब्रेशन कोणी केलंय? मालनताई म्हणाल्या, "आबांनी." साहेबांनी ते वहीत लिहूनही घेतलं.

गेल्या वर्षी त्यांनी काम सोडायचं ठरवलं. शेठनी आणि मी फार गळ घातली. त्यांनी कारण सांगितलं ते काम करता करताच, मान वर न करता. आबांना कंपवात आहे, आता चहाचा कपही त्यांच्या हातात ठरत नाही, कुणीतरी धरावा लागतो.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"डाक्टरला कळायच्या आदी तीन वर्सं. चीप तासून त्यांच्या हातात द्यायची मी. त्यांच्या हातात गेली की तिचं टोक थरथरायचं. जरासंच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं? मोजायला तुमी व्हता का तितं?" असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. तीन वर्षं त्यांनी ते एकटीनेच हातात धरून ठेवलं होतं.

शेवटच्या दिवशी त्यांच्या बाकावर होतं ते त्याच समुद्रकाठच्या प्रयोगशाळेचं टेबल. दुपारपर्यंत त्यांनी ते पुरं केलं आणि अर्थातच बसू दिलं. शेठनी श्रीखंड मागवलं होतं, साडी-नारळ झाला, सुरेश रडला. चारच्या सुमाराला मी तपासणीसाठी आत गेलो तेव्हा काचेच्या खोलीत मालनताई एकट्याच होत्या. टेबल कुशीवर वळवून ठेवलं होतं. त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला आणि सगळ्यात खालच्या पाटीच्या पोटात, जिथे वजन कमी करायला कोरलेला खळगा असतो, तिथे अंगठा टेकवला. शांतपणे, पुरेसा दाबून. कुणी त्यांचा हात धरलेला नव्हता.

मी दारात आहे हे त्यांना मागे न बघताच कळलं. "तितं काय टेकत नाय पावणं," त्या म्हणाल्या. "बघून ठेवलंय मी."

मग मोजे घडी करून डब्यात ठेवले, एक चीप तेवढी पिशवीत टाकली आणि निघाल्या. हायवेला जीप थांबली होती. दारातून जाताना सवयीने वाकून त्यांनी उंबऱ्यावरचं एक टरफल उचललं, बाहेर नेऊन टाकलं, आणि जीपमध्ये बसल्या.

टेबल बंद करण्याआधी ते स्पिरिटने पुसायचं आणि तेलाचा हात फिरवायचा, हे काम माझं. मी रूळ पुसले, गाड्या पुसल्या, पाटीच्या चारही कडा पुसल्या. सगळीकडे तेल लावलं. खळगा सोडला.

तपासणीच्या कागदावर "बोटांचे ठसे" असा एक रकाना आहे. त्या अहवालानंतर तो मीच घातला होता. त्यात मी "नाहीत" असं लिहिलं. मग खाली सही करताना, का कोण जाणे, पूर्ण नाव लिहिलं, आणि पट्टी घेऊन त्यावर शिरोरेघ ओढली.